मुख्य माशाची निवड

३ ऑगस्ट, रविवार

ही रोजनिशी नाही. टाकीचं लॉगबुक आहे. वैयक्तिक काही लिहायचं नाही.

टाकी तीनशे लिटरची, समुद्राच्या पाण्याची, चार फूट लांब. जागा: राजूर, आमच्या घराचा हॉल. समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटरवर आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे मला सांगावंसं वाटतं. मीठ, आरओचं पाणी आणि मोजमाप एवढ्यावर समुद्र तयार होतो. मी मुकुटबनला सिमेंटच्या कारखान्यात केमिस्ट आहे. मोजमाप हा माझा व्यवसाय आहे. अंदाज हा बाकीच्यांचा.

पाण्याचं तापमान साडेपंचवीस. चिलर पाणी गार करतो आणि गरम हवा हॉलमध्ये सोडतो. बाबांना हे भौतिकशास्त्र पुन्हा समजावलं. बाबा खाणीत इलेक्ट्रिशियन होते, त्यांना समजायला हवं. ते म्हणाले, म्हणजे माशाले एसी आन् बापाले भट्टी. मुद्दा समजला असं धरते.

खडक बसले. कोरल उघडली. आता एकच उणीव: मुख्य मासा. दारातून येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जावी, मग बाकी टाकीवर. सध्या टाकीत एक काळी मॉली आहे, वणीच्या बाजारातली. मॉली गोड्या पाण्यातली, पण हळूहळू खाऱ्या पाण्यात रुळवता येते. ती जगली तर पाणी ठीक. म्हणजे हा मासा नव्हे, उपकरण आहे. उपकरण नर आहे. आई 'ती' म्हणते. मी शेपटीवरून तपासलं आहे.

मुख्य मासा आला की उपकरण काढणार.

१० ऑगस्ट, रविवार

गुणतक्ता तयार केला. रंग, वर्तन, खाण्याची सवय, कोरलशी वागणूक, टाकीच्या लांबीला योग्यता. प्रत्येकाला वजन दिलं. लोक मासा 'आवडला' म्हणून घेतात. असे लोक नंतर फेसबुक ग्रुपवर रडतात.

यलो टँग पिवळा आहे. त्याच्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही. क्लाऊनफिश सगळ्यांकडे असतो. एक सिनेमा आला आणि जगभरच्या दिवाणखान्यांचं नुकसान झालं. कॉपरबँड बटरफ्लाय रूपाने उत्तम, पण टाकीत आल्यावर खात नाही. मान ताठ ठेवून उपाशी मरतो. असल्या बाणेदारपणाचा मला काही उपयोग नाही. फ्लेम एंजल कोरल कुरतडतो किंवा कुरतडत नाही. घेतल्याशिवाय कळत नाही. 'घेऊन बघू' ही पद्धत माझ्याकडे नाही.

टाकीशी संबंध नसलेली नोंद, फक्त तारीख राहावी म्हणून: आईने एक बायोडेटा आणला. अश्वजित, पुसद, पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. छंद: वाचन, प्रवास, संगीत. तिन्ही क्लाऊनफिश.

ते लोक पुढच्या रविवारी पाहायला येतो म्हणतात. टाकी तयार नाही, हॉल दाखवण्याच्या स्थितीत नाही, असं मी कळवलं. आई पोळी लाटता लाटता थांबली.

"बाई, ते टाकीले पाहाले येऊन राह्यले का तुले?"

प्रश्नात माहिती मागितलेली नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार

उपकरणाचं पोट फुगलं आहे. कारण उघड: मी ड्यूटीवर असताना आई जादा खाऊ घालते. आईचं निदान वेगळं. "पोटुशी हाय वो ते." आईच्या मते फुगलेलं प्रत्येक पोट पोटुशी असतं, मागे शेजारच्या रामधनकाकांचं पोट वाढलं तेव्हा तेवढे शब्द तिने वापरले नाहीत, इतकंच. नर असल्याचं पुन्हा सांगितलं. खाणं निम्म्यावर आणलं.

अश्वजितचा फोन आला. आजकाल आधी फोनवर बोलायची पद्धत आहे म्हणून नंबर दिला होता; त्यामागे दुसरं काही नाही. त्याने विचारलं, मासे झोपतात का. मी सांगितलं, झोपतात, पापण्या नसतात म्हणून कळत नाही. काही जातींचे मासे रात्री स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून तिच्यात झोपतात, हेही सांगितलं. तो म्हणाला, आमच्या ऑफिसात पण असे दोघं आहेत.

नोंद एवढीच की प्रश्न मूर्खपणाचा नव्हता.

३१ ऑगस्ट, रविवार

उपकरणाचं पोट अचानक सपाट. खाणं कमी केल्याचा परिणाम. आईला आकडे दाखवले.

७ सप्टेंबर, रविवार

निर्णय झाला. फेअरी रॅस, नर. लाल अंग, कडेला जांभळी झाक, परांची टोकं निळी. कोरलला तोंड लावत नाही. दिवसभर मोकळ्या पाण्यात फिरतो, कोपऱ्यात बसत नाही. रात्री ती पिशवी विणून झोपणारा हाच. गुणतक्त्यात पहिला आला. पिशवीला वेगळे गुण नंतर दिले, पण ते निकषाला धरूनच आहेत.

एक उणा मुद्दा: उडी मारतो. नागपूरचा डीलर नंदकिशोर म्हणाला, मॅडम, वर जाळी टाकाच. नंदकिशोर जाळ्याही विकतो. मी संदर्भ तपासले. रॅस उगाच उडी मारत नाही, दचकल्यावर मारतो. माझ्या घरात त्याला दचकवण्यासारखं काहीही नाही. मांजर नाही, लहान मूल नाही, टीव्ही आतल्या खोलीत. जाळीने प्रकाश अडतो आणि समोरून रूप बिघडतं. जाळी रद्द.

लॅबमधल्या मितालीला हे सांगितलं. ती यवतमाळची, माझ्या शेजारच्या टेबलावर क्लिंकर, म्हणजे सिमेंट दळण्याआधीचे भाजलेले खडे, तपासते. तिने विचारलं, आणि तुमच्या राजूरचं ब्लास्टिंग? हसू आलं. राजूरमध्ये वाढलेल्या माणसाला ब्लास्टिंग ऐकू येत नाही. कॉलेजात असताना एक मैत्रीण घरी राहायला आली होती. दुपारी खाणीत धडाका झाला तशी ती ताट सोडून पलंगाखाली. आम्ही तिघं जेवत होतो. आईने फक्त वरणाच्या पातेल्यावर हात ठेवला, झाकण खडखडू नये म्हणून, आणि तिला विचारलं, पोरी, काय सांडलं?

दोन पिढ्या इथे काही झालं नाही. भिंतीला तडे आहेत, पण ते जुने आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार

मासा आला. नागपूरहून ट्रॅव्हल्सने, थर्माकोलच्या खोक्यात. कंडक्टरने खोकं उलटं ठेवलं होतं, बाण वर असूनही. बाण वाचणं ही या देशात उच्चशिक्षणाची बाब आहे.

रॅस उत्तम. फोटोपेक्षा चांगला, हे माणसांच्या बाबतीत घडत नाही. आता चाळीस दिवस क्वारंटाइन: माझ्या खोलीत वेगळ्या टबात ठेवायचा, रोज पाहायचा, रोग नाही ना याची खात्री करायची, मगच मुख्य टाकीत. बाहेरून येणाऱ्या कोणालाही थेट आत घ्यायचं नाही. हा नियम पाळला असता तर जगातल्या निम्म्या टाक्या वाचल्या असत्या.

अश्वजितच्या घरून पुन्हा विचारणा. सांगितलं, क्वारंटाइन चालू आहे. आईने त्यांना फोनवर 'घरी जरा आजारपण हाय' असं सांगितलं. खोटं बोलायची गरज नव्हती. मी स्वतः अश्वजितला मेसेज करून खरं कारण कळवलं. त्याने लिहिलं, बरं झालं सांगितलंत, आई डबा घेऊन निघाली होती.

मुख्य टाकीतलं पाणी उतरून जिथे गाळलं जातं, त्या खालच्या फिल्टरच्या टाकीत काळे कण दिसले. कोळशाची धूळ. खिडक्या बंद ठेवायच्या सूचना दिल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

दोन तारखेला आई-बाबा दीक्षाभूमीला नागपूरला जाऊन आले. मी गेले नाही. टबातलं पाणी बदलायचं होतं. तिथल्या एवढ्या गर्दीत आईला नेमकी अश्वजितची आई भेटली, सोबत तो. आई म्हणते, पोरानं दोघींच्या पिशव्या उचलल्या, बाबाले रांगेत पाणी आणून देल्लं, आन् जाता जाता विचारलं, मासा खाऊन राह्यला का बरोबर.

आईचा निष्कर्ष: साधा हाय. आईच्या गुणतक्त्यात एकच रकाना आहे.

पाच नोव्हेंबरला सुट्टी आहे, गुरुनानक जयंती, तेव्हा येतो म्हणाले. बुधवार आहे. आमच्या कारखान्याला सुट्टी नाही, खाणीला नाही. मी रजा टाकली. क्वारंटाइन संपण्याशी तारीख जुळत होती, म्हणून.

रोज संध्याकाळी घरी आल्यावर टबावर परात पालथी घातलेली सापडते. आईला विचारलं. म्हणे, दुपारचं झाकून ठेवत असतो वो मी. कायले, ते सांगता आलं नाही. सवय आहे म्हणाली. झाकल्याने हवेची देवाणघेवाण कमी होते हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी परात पुन्हा होती. थोडी तिरकी, हवेसाठी.

१९ ऑक्टोबर, रविवार

हॉलला नवे पडदे लावले. प्रकाश-नियंत्रणासाठी. गडद निळे घेतले कारण रॅसचा लाल त्यावर उठून दिसेल. त्याच रंगाचा एक कुर्ताही घेतला. टाकीजवळ उभं राहिल्यावर काचेत फिकट कपड्यांचं प्रतिबिंब पडतं, ते टाळण्यासाठी. मिताली कुर्ता बघून म्हणाली, मासा पाहायला येणार आहे की तो मासा आहे? तिच्या क्लिंकरच्या नमुन्यात चूक काढून दिली.

अश्वजितचे फोन साधारण एक दिवसाआड. तांत्रिक देवाणघेवाण. काल तो धरणाच्या गाळाबद्दल बोलला. दारं कधी उघडायची हे पाणी किती आहे यावर नाही, पाणी किती येणार आहे यावर ठरतं, असं म्हणाला. चुकीचं नाही. मी त्याला क्षारता कशी मोजतात ते सांगितलं. फोन बराच चालला. रेंज चांगली होती.

त्याच्या छंदांबद्दल विचारलं. बायोडेटा मामाने लिहिला, म्हणाला. वाचत नाही, प्रवास झेपत नाही, गाडी लागते. संगीत ऐकतो, पण लक्ष नसतं.

म्हणजे तीनपैकी एकही क्लाऊनफिश खरा नव्हता. नोंद दुरुस्त केली.

२ नोव्हेंबर, रविवार

चाळीस दिवस पूर्ण. रॅस निरोगी. तरी आजच सोडणार नाही. चार तारखेला संध्याकाळी सोडला तर पाच तारखेला त्याचा रंग सर्वांत खुललेला असेल. लोक कळवळून दोन दिवस आधी सोडतात आणि पाहुण्यांपुढे फिका मासा ठेवतात.

उपकरण पाच तारखेच्या आत काढायचं होतं. जाळीने दोनदा प्रयत्न केला. खडकांच्या मागे जातं आणि मी खाली बसले की बाहेर येऊन काचेतून बघतं. पोट परत वाढलं आहे. काढणं पुढे ढकललं. काळ्या रंगामुळे रॅसचा लाल अधिक उठेल. पार्श्वभूमी म्हणून चालेल.

खालच्या टाकीतले काळे कण वाढले. काही पंपाच्या प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने सरकताना दिसले. भोवऱ्यामुळे असं होतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी रॅस सोडला. दोन मिनिटांत टाकी त्याची झाली. बाबा खुर्ची घेऊन आले, टाकीसमोर बसले. मग म्हणाले, हे मस्त आहे बरं. बाबांकडून याहून मोठं वाक्य मी दहावीच्या निकालालाही ऐकलेलं नाही.

आईने दारातूनच पाहिलं. "दुपारचं झाकण ठेवजो वो त्याच्यावर." पाहुणे झाकण पाहायला येणार आहेत का, असं विचारलं.

उद्याचा क्रम: ते अकराला येतील. टाकीसमोर उभं राहून आधी पाण्याबद्दल, मग कोरलबद्दल, शेवटी रॅस. अश्वजितने विचारलं तरच बाकीचं. बाकीचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. इथे लिहिण्याची गरज नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

अकराला आले नाहीत. पुसदहून रस्ता खराब, त्याला गाडी लागली, दोनदा थांबले. दीडला पोचले. तो, त्याची आई, मामा. चेहरा फोटोपेक्षा... याची नोंद नको.

सगळं क्रमाने चाललं होतं. त्याची आई सोफ्यावर बसून आईशी बोलत होती. मामा बाबांना बदलीचे नियम सांगत होता. बाबा रिटायर होऊन पाच वर्षं झाली. अश्वजित चहाचा कप घेऊन टाकीजवळ उभा राहिला. मी पाण्याचं सांगितलं, कोरलचं सांगितलं. तो ऐकत होता. खरंच ऐकत होता. मधे प्रश्न विचारत होता आणि उत्तर येईपर्यंत थांबत होता. मग रॅस दाखवला. तो म्हणाला, देखणा आहे. आणि लगेच:

"आन् हा काळा? हा मघापासून तुमच्याकडेच पाहून राह्यला."

मी सांगितलं, ते उपकरण आहे, काढायचं आहे. त्याने विचारलं, कायले? बिचारा राहते की. मी त्याला निवडीची पद्धत समजावली. गुणतक्ता, वजनं, चाळीस दिवसांचं क्वारंटाइन, कोणालाही थेट आत न घेण्याचा नियम. थोडं विस्ताराने सांगितलं असेल. त्याच्या कपातल्या चहावर साय आली होती. तो हसला आणि त्याने हळू विचारलं, सोफ्यावर ऐकू जाणार नाही इतकं हळू:

"माणसाले किती दिवस ठेवता?"

प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. ते देण्याआधी मी शब्द जुळवत होते. एवढ्यात ब्लास्टिंग झालं.

म्हणजे झालं असणार. मी ते ऐकलं नाही. मला फक्त दिसलं, की आईने बोलता बोलता पोह्यांच्या प्लेटवर हात ठेवला, अश्वजित जागच्या जागी उडाला, चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेला, आणि रॅस पाण्यातून सरळ वर आला, मागच्या काठावरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. दोघंही बाहेरचे.

त्याची आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मामा दारात पोचला होता. बाबा म्हणाले, काही नाही, काही नाही, रोजचं आहे. उपकरण जिथे होतं तिथेच होतं.

स्टँड आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटं फट. भरलेली टाकी हलत नाही. मी टॉर्च शोधत होते. तेवढ्यात अश्वजित जमिनीवर पालथा झाला, खांद्यापर्यंत हात स्टँडखाली घातला, गाल फरशीला टेकलेला, शर्टाला चहा आणि आता धूळ. चाचपत राहिला. मग हळूच हात बाहेर काढला. मुठीत रॅस, जळमटं लागलेला, जिवंत. टाकीत सोडला. मासा बाजूला कलला, मग सरळ झाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही, गुडघ्यांवर बसलेला.

मी म्हणाले, "कोरड्या हाताने धरायला नको होता. अंगावरचा चिकट थर जातो."

तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे.

तो म्हणाला, हो, बरोबर आहे. स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, हात कुठे धुऊ. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, पातेल्यावर ठेवते तसा.

जाताना त्याची आई म्हणाली, कळवतो.

९ नोव्हेंबर, रविवार

रॅस शुक्रवारी गेला. मृत्यूची कारणमीमांसा: एक, खाण, दोन, नियोजित वेळेला न येणारे पाहुणे (अकराला आले असते तर दुपारपर्यंत निघाले असते), तीन, कोरडे हात. जाळी नसणं हे कारण नाही, ती परिस्थिती आहे.

बाबांनी कुंपणाजवळ खड्डा केला. म्हणाले, पोरगं चांगलं होतं. माशाबद्दल बोलत असावेत. काहून असं बोल्ली तू त्याले, असं आईने दोन दिवसांत एकदाच विचारलं. मी म्हणाले, माहिती दिली. आईचं न विचारणं हे विचारण्यापेक्षा जास्त वेळ चालतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

फोनची रिंग मोठी ठेवली आहे. लाइट गेल्यावर चिलरचा अलार्म फोनवर येतो, म्हणून. रात्री उशाशी ठेवते. त्याच कारणाने.

अलार्म आला नाही. दुसरंही काही आलं नाही. 'कळवतो' या शब्दाला मुदत नसते. ही या पद्धतीतली मूलभूत त्रुटी आहे. मी स्वतः मेसेज करू शकते, पण विषय काय? मासा गेला हे कळवायचं होतं. लिहिलं: 'रॅस सात तारखेला गेला. थर गेल्यामुळेच गेला असं खात्रीने म्हणता येत नाही.' माझ्याकडून ही मोठी सवलत होती. पाठवला नाही. वाक्यरचना सुधारायची आहे.

नवा मुख्य मासा निवडण्यासाठी गुणतक्ता उघडला. बंद केला. अजून घाई नाही.

१४ डिसेंबर, रविवार

खालची फिल्टरची टाकी साफ करायला काढली. कोळशाची धूळ पूर्ण गाळून घ्यायची म्हणून बारीक जाळी आणली होती. पहिल्याच खेपेत जाळीत धूळ आली आणि धुळीला डोळे होते.

मॉलीची पिल्लं. वेगवेगळ्या वयांची, म्हणजे वेगवेगळ्या महिन्यांतली. वरून पाण्याबरोबर खाली पडत गेली आणि तिथेच, अंधारात, फिल्टरच्या स्पंजला चिकटलेलं खाऊन वाढली. मॉलीची मादी एका मीलनावर कित्येक महिने पिल्लं देत राहते, असं संदर्भात सापडलं. हा संदर्भ माझ्याकडे पहिल्यापासून होता. नरांच्या प्रकरणापुढे मी वाचला नव्हता.

आई आली. बघितलं. "म्हटलं नव्हतं का मी?" असं म्हणाली नाही. तीळगूळ वाटताना लागते तशी छोटी वाटी घेऊन आली आणि म्हणाली, बाळंतिणीले काही खायाले घाल वो, निम्म्यावर ठेवलं तू तिले.

पिल्लं क्वारंटाइनच्या टबात हलवली. टब रिकामाच होता.

२१ डिसेंबर, रविवार

बाबांनी पिल्लांचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं: आमच्या घरी आगमन. तीन जणांनी फोन करून दीपाचं, म्हणजे माझं, लग्न कधी झालं विचारलं.

कॉलनीतल्या बाया बघायला येतात. दारातून आल्या की सगळ्यांची नजर आधी मॉलीवर जाते. ती काचेजवळ येऊन उभी राहते, शेपटी हलवत, जणू तिकिटं तीच विकते आहे. दुपारच्या धडाक्याला ती कल्लाही हलवत नाही, असं आईकडून कळलं. वणीच्या बाजारातली आहे. तिला काय ऐकू येणार.

गुणतक्ता नव्याने केला. सहनशक्ती, स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेणं आणि पाहुण्यांशी वर्तन हे निकष आधी राहून गेले होते. त्यांना योग्य वजन दिलं. मॉली पहिली आली. मुख्य मासा म्हणून नियुक्ती. निर्णय पूर्णपणे तांत्रिक आहे.

६ जानेवारी, मंगळवार

सर्दी, रजा. घरी.

साडेबारा वाजता फोन वाजला. मोठ्याने. मेसेज, अश्वजितचा:

'काकांच्या स्टेटसवर पिल्लं पाहिली. भारी! तो काळा तेव्हाच आवडला होता. माझं लग्न ठरलं, फेब्रुवारीत आहे. तिलाही माशांची आवड आहे. दोन पिल्लं मिळतील का? तुमच्याएवढं जमणार नाही, पण सांभाळू.'

अभिनंदन लिहिलं. मग लिहिलं, गोड्या पाण्यात परत रुळवावी लागतील, वेळ लागेल. त्याने विचारलं, किती दिवस?

'चाळीस.'

त्याने अंगठा पाठवला.

खरं तर दोन दिवस पुरतात. पण घाई केलेली मला चालत नाही. टबातून दोन निवडली. चपळ, सरळ पाठीची, एक नर, एक मादी. शेपटीवरून नाही, या वेळी संदर्भ शेवटपर्यंत वाचून.

आई परात घेऊन आली आणि टबावर थोडी तिरकी ठेवली. मी टाकीवर जाळी बसवली. डिसेंबरात मागवली होती, नंदकिशोरकडून.

मग ब्लास्टिंग झालं. आज ते ऐकू आलं. आवाज बराच मोठा आहे. भिंतीतून येतो, मग फरशीतून, मग छातीत. खाणवाल्यांनी दारू वाढवलेली दिसते. बाबांना विचारलं, वाढवली का.

बाबा म्हणाले, नाही, तेवढीच आहे.